पुढच्या बाटलीआधी लघवी तपासा

“ही केमो नाही, टार्गेटेड आहे. केस जाणार नाहीत, उलट्या होणार नाहीत, निर्धास्त राहा.” कॅन्सरच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या कानांवर हे इतक्यांदा पडतं, की पुढचा अर्थ ते आपसूक लावून मोकळे होतात: या औषधाला साइड इफेक्टच नाहीत. आरोग्य पुरवण्या, रुग्णालयांची गुळगुळीत पत्रकं आणि जागृती शिबिरांतली भाषणं यांनी या समजुतीला शास्त्राचा साज चढवला आहे. “ही औषधं फक्त कॅन्सरच्या पेशींवर हल्ला करतात, निरोगी पेशींना धक्का लावत नाहीत,” असं सर्रास छापलं जातं आणि कुणी हरकत घेत नाही. मी घेतो. हे विधान चुकीचं आहे आणि त्याची किंमत पुष्कळदा किडनीला मोजावी लागते.

मी जिल्ह्याच्या गावी किडनीच्या आजारांची प्रॅक्टिस करतो. पायांवर सूज, लघवीला फेस आणि वरचं १८०, खालचं ११० असं प्रेशर घेऊन हे रुग्ण येतात. बरोबर जाडजूड फाइल असते. तिच्यात पेट स्कॅन असतो, बायोप्सी असते, गाठीच्या जनुकांचा पानंच्या पानं रिपोर्ट असतो. लघवीचा रिपोर्ट मात्र शोधावा लागतो, आणि पुष्कळदा तो सापडत नाही कारण तपासणी केलेलीच नसते.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. ही औषधं मोलाची आहेत. मे २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा काही वर्षांत माणूस नेणारा रक्ताचा कॅन्सर रोजच्या गोळीवर आला. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा नोव्हार्टिसचा दावा फेटाळला, भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा रस्ता मोकळा राहिला आणि त्या गोळीवर माणसं नोकऱ्या करतात, मुलांची लग्नं लावतात. हा लेख वाचून कुणी आपली गोळी बंद करणार असेल, तर त्याने माझं म्हणणं उलटं वाचलं असं समजावं.

आता मूळ दाव्याकडे. औषध ज्या रेणूवर नेम धरतं तो रेणू फक्त कॅन्सरच्या पेशींत असता, तर दावा खरा ठरला असता. तसं फार थोड्या औषधांच्या बाबतीत आहे. बहुतेक वेळा तो रेणू निरोगी शरीरातही रोजच्या कामावर असतो. बेव्हॅसिझुमॅबचंच बघा. आतडं, अंडाशय, फुप्फुस, यकृत अशा अनेक कॅन्सरमध्ये ते दिलं जातं, भारतीय बनावटीचे बायोसिमिलर आल्यापासून जिल्ह्याच्या रुग्णालयांतही पोहोचलं आहे. यामागची कल्पना ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली: गाठीला वाढायचं तर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्याव्याच लागतात, त्या तोडल्या तर गाठ उपाशी पडेल. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांच्या गटाने रक्तवाहिन्या फुटायला लावणारं व्हीईजीएफ हे प्रथिन हाती आणलं. त्या प्रथिनाला पकडून निकामी करणारी अँटिबॉडी म्हणजे बेव्हॅसिझुमॅब. फेब्रुवारी २००४ मध्ये तिला मान्यता मिळाली.

पण व्हीईजीएफ ही कॅन्सरची मालमत्ता नाही. आपल्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या आहेत आणि त्या सगळ्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक झुबका. त्या झुबक्याला बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी बोटांसारखे फाटे पसरून धरून बसलेल्या असतात. या पेशी जन्मभर व्हीईजीएफ बनवतात आणि शेजारच्या केशवाहिन्यांना पुरवतात, कारण त्या पुरवठ्यावरच त्या केशवाहिन्यांचं अस्तर धड राहतं. बाटलीतून गेलेली अँटिबॉडी गाठीतलं व्हीईजीएफ आणि पोडोसाइटने बनवलेलं व्हीईजीएफ यांत फरक करत नाही. तिला तो करताच येत नाही.

हा अंदाज नाही. टोरांटोमध्ये सुझन क्वागिन, व्हेरा एरेमिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या झालेल्या उंदरांत फक्त पोडोसाइटमधलं व्हीईजीएफचं जनुक बंद करून पाहिलं. गाळण्यांतल्या केशवाहिन्यांचं अस्तर सुजलं आणि आत बारीक गुठळ्या धरल्या. बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्या सहा रुग्णांच्या किडनीच्या बायोप्सीतही तेच चित्र दिसलं. २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे दोन्ही एकत्र छापून आलं. त्याच्या पाच वर्षं आधी, २००३ मध्ये, मूळचे भारतीय असलेले डॉ. अनंत करुमंची बोस्टनमध्ये गरोदरपणातल्या प्री-एक्लॅम्प्सियाचा शोध घेत होते. वारेतून रक्तात उतरणारं एक प्रथिन व्हीईजीएफला पकडून ठेवतं, म्हणून त्या बायकांचं प्रेशर चढतं आणि लघवीतून प्रोटीन जातं, असं त्यांच्या गटाने दाखवलं. साठीच्या पुरुषाला आतड्याच्या कॅन्सरसाठी लावलेली बाटली आणि सातव्या महिन्यातल्या बाईचं चढलेलं प्रेशर, दोन्हींच्या मुळाशी एकच टंचाई आहे. किडनीवरच्या या परिणामाला ‘क्वचित घडणारा अपघात’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. औषध आपलं ठरलेलं काम करतंय आणि ते किडनीतही करतंय. सुनिटिनिब, सोराफेनिब, पाझोपॅनिब, अ‍ॅक्सिटिनिब, लेन्व्हॅटिनिब या गोळ्याही व्हीईजीएफचीच वाट अडवतात, त्यामुळे त्यांच्याबाबत वेगळी कथा नाही.

इथे कॅन्सरतज्ज्ञांकडून येणारा पहिला प्रतिप्रश्न असतो: “पण गंभीर प्रमाणात किती जणांना होतं? फार थोड्यांना.” गंभीर म्हणजे काय, ते आधी बघू. कॅन्सरच्या चाचण्यांत दुष्परिणामांना पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेणी देतात आणि जाहिरातीत, भाषणांत बहुधा तिसरीपासून पुढचेच आकडे येतात. लघवीतल्या प्रोटीनची तिसरी श्रेणी मोठ्या माणसात दिवसाला साडेतीन ग्रॅमपासून सुरू होते. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन जात नाही. म्हणजे ज्याच्या लघवीतून रोज तीन ग्रॅम, नेहमीच्या वीसपट प्रोटीन वाहून चाललं आहे, तो रुग्ण ‘गंभीर’च्या हिशेबात येतच नाही. आणि बेव्हॅसिझुमॅबच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय? लघवीत बुडवायच्या पट्टीवर प्रोटीन दोन प्लस दिसलं तर चोवीस तासांची लघवी मोजा, दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत गेलं तर औषध थांबवा आणि आकडा त्याखाली आल्यावरच पुन्हा सुरू करा, नेफ्रॉटिक सिंड्रोम झाला तर कायमचं बंद करा. औषध बनवणारी कंपनी स्वतः लघवी तपासायला सांगते आणि आपल्या फायलींत ती तपासणी नाही. यावर “प्रमाण थोडं आहे” हे उत्तर होऊ शकत नाही. जे मोजलंच नाही त्याचं प्रमाण कुणी सांगितलं?

दुसरा प्रतिप्रश्न जास्त ऐकू येतो. “क्रिएटिनीन करतो ना आम्ही दर वेळी. नॉर्मल आहे.” या एका ओळीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण ती प्रामाणिकपणे म्हटली जाते. रक्तातल्या ज्या पातळीवरून किडनीचं काम जोखतात ते क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होतं. कॅन्सरने खंगलेल्या माणसाच्या अंगावर स्नायूच उरलेले नसतात, तेव्हा किडनी अर्धी गेली तरी क्रिएटिनीन रिपोर्टातल्या हद्दीत राहू शकतं. कागदावर मांडून बघा. अडुसष्ट वर्षांची बाई, वजन ४० किलो, क्रिएटिनीन १.१. बऱ्याच लॅबच्या छापील हद्दीत हा आकडा बसतो, त्याच्यापुढे ठळक अक्षर किंवा चांदणी येत नाही. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ पासून चालत आलेलं सूत्र लावा. १४० मधून वय वजा केलं की ७२ राहतात. त्याला वजनाने गुणलं की २,८८०. याला ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२ ने भागायचं आणि बाईसाठी ०.८५ ने गुणायचं. उत्तर, म्हणजे किडनीची गाळणक्षमता, येतं मिनिटाला सुमारे ३१ मिलिलिटर. सूत्र ढोबळ आहे, मान्य. पण निरोगी तरुण माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. या बाईला बेव्हॅसिझुमॅबच्या जोडीला कॅपेसिटाबिनच्या गोळ्या लिहिल्या जातात. ३० ते ५० च्या दरम्यान त्या गोळ्यांचा डोस कमी करायचा असतो आणि ३० च्या खाली त्या द्यायच्याच नसतात. तिच्या फाइलवर मात्र लिहिलेलं असतं, ‘आरएफटी नॉर्मल’, म्हणजे किडनीचं काम ठीक.

ही कल्पनेतली बाई असली तरी तिच्यासारख्यांची संख्या कल्पनेतली नाही. फ्रान्समधल्या पंधरा केंद्रांत कॅन्सरच्या ४,६८४ रुग्णांची पाहणी झाली होती, २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. क्रिएटिनीन वाढलेले निघाले ७.२ टक्के. वय आणि वजन धरून गाळणक्षमता काढली तेव्हा ती निम्म्याहून अधिक रुग्णांत नेहमीपेक्षा कमी निघाली. आपल्याकडे मधुमेह आणि ब्लड प्रेशर घराघरांत आहे, पाठदुखीला डायक्लोफिनॅक मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळते, आणि मे महिन्यात मराठवाड्यातून किंवा विदर्भातून एसटीने रात्रभर प्रवास करून मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला पोहोचणारा रुग्ण बाथरूमची सोय नाही म्हणून वाटेत पाणीच पीत नाही. आपले आकडे फ्रान्सहून बरे असतील असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

आता चाचण्यांचा दाखला. “इतक्या हजार रुग्णांवर तपासून औषध सुरक्षित ठरलंय.” कोणत्या रुग्णांवर? २०१८ मध्ये ‘जामा’त एक तपासणी छापली गेली. कॅन्सरच्या ३१० चाचण्यांपैकी ८५ टक्के चाचण्यांनी किडनीचा जुना आजार असलेल्यांना दारातच अडवलं होतं. धडधाकट किडन्या निवडून घ्यायच्या, त्यांच्यावर औषध तपासायचं आणि मग ते वीस वर्षांच्या मधुमेहीला त्याच भरवशाने द्यायचं, याला मी सुरक्षिततेचा पुरावा म्हणणार नाही.

व्हीईजीएफबद्दल इतकं लिहिलं कारण तिथे हानी डोळ्यांना दिसते. मॅग्नेशियमची हानी दिसत नाही, आणि महाराष्ट्रात तिचा विचार जास्त व्हायला हवा. तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्यापायी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर आपल्याकडे मुबलक आहे. त्यात सेटुक्सिमॅब हे ईजीएफआर नावाच्या ग्राहीला (रिसेप्टरला) बंद करणारं औषध दिलं जातं. आतड्याच्या कॅन्सरमध्येही ते आणि पॅनिटुमुमॅब वापरतात. ईजीएफआर गाठीत माजलेला असतो हे खरं. पण किडनीच्या नलिकांच्या शेवटच्या वळणांवरही तो असतो आणि तिथे त्याचं काम आहे गाळून गेलेलं मॅग्नेशियम परत खेचून घेणारी दारं उघडी ठेवणं. हे कळलं दोन बहिणींमुळे. नेदरलँड्समधल्या एका कुटुंबातल्या या दोघींच्या लघवीतून लहानपणापासून मॅग्नेशियम वाहून जात होतं. २००७ मध्ये तिथल्या संशोधकांनी त्याचं मूळ शोधलं: ईजीएफआरला चालना देणाऱ्या ईजीएफ प्रथिनाच्या जनुकात बिघाड होता. त्या बहिणींत जन्मजात जे बिघडलं होतं तेच सेटुक्सिमॅब बाटलीतून घडवून आणतं. नलिकेच्या त्या भागात गाळलेल्या मॅग्नेशियमचा फक्त शेवटचा पाच-दहा टक्के वाटा परत घेतला जातो, पण त्यापुढे दुसरी सोयच नसल्याने तिथून सुटलं ते लघवीत गेलं.

आता तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाची चिठ्ठी वाचा. आधी सिस्प्लॅटिन झालेलं असतं. ती जुनी केमो स्वतः किडनीतून मॅग्नेशियम घालवते. मग सेटुक्सिमॅब. आणि चिठ्ठीच्या शेवटी, बहुतेक प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी, ‘सकाळी उपाशीपोटी’ म्हणून पॅन्टोप्राझोल. महिनोन् महिने घेतलं तर ॲसिडिटीची ही गोळी आतड्यातून मॅग्नेशियम शोषलं जाणं कमी करते. रेडिएशनने तोंड सोललेलं असल्याने रुग्ण पेज आणि दुधावर आहे. तो येऊन सांगतो, “पायांत गोळे येतात, हातांना मुंग्या येतात, उठवत नाही.” त्याला काय सांगितलं जातं? “अशक्तपणा आहे, कॅन्सरमध्ये असं होतंच.” फार तर कॅल्शियमची गोळी लिहिली जाते. मॅग्नेशियम खाली असेल तोवर कॅल्शियम आणि पोटॅशियम कितीही भरलं तरी वर येत नाही, कारण मॅग्नेशियमअभावी पॅराथायरॉइड ग्रंथीचं काम मंदावतं आणि किडनी पोटॅशियम धरून ठेवू शकत नाही. मग एके दिवशी हृदयाचे ठोके चुकतात. सेटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम दर आठवड्याला तपासा आणि उपचार संपल्यावरही निदान आठ आठवडे तपासत राहा, असं लिहिलेलं आहे. मॅग्नेशियमची तपासणी जिल्ह्याच्या लॅबमध्ये काही शे रुपयांत होते. सेटुक्सिमॅबची किंमत या देशात कुणाला वेगळी सांगायला नको.

किडनीचा बाऊ करणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही मला तितकंच भांडायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर सांगतो की कॅन्सरची इंग्रजी औषधं किडनी जाळतात, तेव्हा ती सोडा आणि अमुक काढा घ्या. काही डॉक्टरही क्रिएटिनीन जरा हललं की हात वर करून औषध बंद करायला सांगतात. हेही तितकंच चूक आहे. स्तनाच्या कॅन्सरमधली अबेमासिक्लिब ही गोळी नलिकांतून क्रिएटिनीन बाहेर टाकणारे वाहक अडवते. गाळण्यांना त्याचा स्पर्शही होत नाही, पण रक्तातलं क्रिएटिनीन पहिल्या महिन्यातच ०.२ ते ०.३ ने वर जातं, तिथेच स्थिरावतं आणि गोळी थांबवल्यावर खाली येतं. टुकाटिनिब, ओलापॅरिब, क्रिझोटिनिब यांच्याबाबतही असा प्रकार होतो. तेवढ्या वाढीसाठी एखाद्या बाईची चालती गोळी बंद करणं हा तिच्यावर अन्याय आहे. अशा वेळी स्नायूंवर किंवा त्या वाहकांवर न विसंबणारी सिस्टॅटिन-सी ही तपासणी मागवावी, युरिया बघावा, लघवी बघावी. मात्र हीच अबेमासिक्लिब पुष्कळांना जुलाब लावते आणि जुलाबाने अंगातलं पाणी गेलं तर किडनी खरोखरच बसते. एकाच गोळीवरच्या दोन बायकांचं क्रिएटिनीन १.५ असेल आणि एकीची किडनी ठणठणीत, दुसरीची संकटात असेल. नुसता आकडा वाचून दोघींना एकच सल्ला देणारा माणूस एकीचं नुकसान करणारच.

प्रेशरचंही तसंच. व्हीईजीएफ अडवणाऱ्या औषधांवर प्रेशर चढणं हे बऱ्याचदा औषध लागू पडत असल्याचं चिन्ह असतं. किडनीच्या कॅन्सरसाठी सुनिटिनिब घेणाऱ्या ज्या रुग्णांचं प्रेशर वाढलं ते जास्त जगले, असं २०११ मध्ये छापून आलं आहे. तिथे औषध सोडणं हा आततायीपणा आहे आणि प्रेशरकडे डोळेझाक करणंही. त्यावर गोळ्या आहेत, आणि रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या जातीच्या गोळ्या लघवीतलं प्रोटीनही कमी करतात. डिल्टियाझेम, वेरापामिल मात्र टाळाव्यात, कारण त्या सुनिटिनिबची रक्तातली पातळी वाढवतात.

इम्युनोथेरपीची औषधं टार्गेटेडच्या व्याख्येत काटेकोरपणे बसत नाहीत, पण बोलताना सगळे त्यांना त्याच टोपलीत टाकतात, म्हणून थोडक्यात सांगतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅबचा अगदी छोटा, २० मिलिग्रॅमचा डोस देऊन रुग्णांचं आयुष्य वाढल्याचं दाखवलं. गरीब देशाच्या दृष्टीने हे फार मोठं काम आहे आणि त्यामुळे हे औषध लहान गावांत पोहोचेल. त्याने मोकळ्या सोडलेल्या प्रतिकारशक्तीमुळे काही जणांच्या किडनीत दाह होतो, आणि ॲसिडिटीची तीच पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर ती शक्यता वाढते. वेळेवर कळलं तर स्टिरॉइडने बहुतेकदा आवरता येतं. गरज नसलेली ॲसिडिटीची गोळी काढून टाकायला तर एक पैसाही लागत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे आता येतो. “जीव वाचतोय तिथे किडनीचं काय घेऊन बसलात?” रुग्णाचा मुलगा हे विचारतो तेव्हा मी त्याला गप्प करत नाही, कारण त्याची भीती खरी आहे. पण डॉक्टर हे म्हणतो तेव्हा त्याला विचारावंसं वाटतं: किडनी बसल्यावर सगळ्यात आधी काय थांबतं? कॅन्सरचं औषध थांबतं. कॅपेसिटाबिन थांबतं, सिस्प्लॅटिनचा पर्याय जातो, हाडांत पसरलेल्या कॅन्सरसाठीचं झोलेड्रोनिक ॲसिड देता येत नाही, कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करायला रेडिओलॉजिस्ट तयार होत नाहीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागलं तर तालुक्याचा रुग्ण परळची तारीख गाठू शकत नाही. जीव वाचवायचाच आहे म्हणून किडनी राखायची. शिवाय टार्गेटेड औषधांनीच हिशेब बदलला आहे. पूर्वी जो रुग्ण सहा-आठ महिन्यांचा सोबती धरला जायचा, तो आता गोळीवर पाच-दहा वर्षं जगतो. इमॅटिनिबवर वर्षानुवर्षं असलेल्या काहींची गाळणक्षमता हळूहळू उतरते. ज्याला दहा वर्षं जगायचं आहे त्याची किडनीही दहा वर्षं चालायला हवी, हे सांगायला किडनीतज्ज्ञ व्हावं लागत नाही.

“सांगितलं तर घाबरतील, औषध सोडतील,” हा आक्षेप मला कधीच पटला नाही. माणसं घाबरून औषध सोडतात ती अचानक काही झाल्यावर. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते, चपलेचा पट्टा रुततो, संडासात ओतलेल्या पाण्यानेही लघवीचा फेस मोडत नाही, आणि याबद्दल आधी कुणी अवाक्षर काढलेलं नसतं. तेव्हा शेजारी जे सांगतो ते खरं वाटतं. “दादा, या औषधाने प्रेशर चढू शकतं, लघवीतून प्रोटीन जाऊ शकतं, जुलाब, उलट्या झाल्या किंवा पायांत गोळे आले तर फोन करा, दुखणं उठलं तर मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका,” हे बोलायला एक मिनिट पुरतं. शेतकरी पिकावर मारायच्या औषधाच्या डब्यावरची सूचना वाचतो, काळजी घेतो आणि तरीही ते वापरतो. त्याच माणसाला स्वतःच्या अंगात जाणाऱ्या औषधाची सूचना पेलणार नाही, असं आपण कोणत्या हक्काने ठरवतो?

पैशांचा मुद्दाही खोडायला हवा, कारण “या तपासण्यांचा खर्च रुग्णाने कुठून करायचा” असं विचारलं जातं. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी सोराफेनिबसाठी देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला. महिन्याला २,८०,४२८ रुपयांचं औषध ८,८८० रुपयांत विकायची अट त्यात होती. औषध रुग्णाच्या हातात पडावं म्हणून या देशात इतकी मोठी लढाई झाली. ते हातात पडल्यावर ते झेपतंय का, हे बघणाऱ्या शंभर-दीडशे रुपयांच्या लघवीच्या तपासणीपाशी येऊन आपण खर्चाचं कारण पुढे करतो. सरकारी योजनांतून ही औषधं दिली जात असतील तर त्या औषधाच्या पॅकेजमध्येच ही तपासणी बांधलेली असली पाहिजे, वेगळी मंजुरी न लागता.

माझी मागणी फार नाही. केमोच्या कार्डावर तारीख, औषध, डोस असे रकाने असतात. त्यांना प्रेशर, वजन, वय-वजनावरून काढलेली गाळणक्षमता आणि लघवीतलं प्रोटीन एवढे रकाने जोडावेत. सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅबवर असलेल्यांसाठी मॅग्नेशियमचा एक. पहिली बाटली लावायच्या आधीची ओळ भरलेली असावी, कारण सुरुवातीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. रकाना रिकामा असेल तर बाटली लावणाऱ्या सिस्टरना ‘आधी हे भरा’ म्हणायचा अधिकार असावा.

त्यावर शेवटचं उत्तर मिळतं ते गर्दीचं. ओपीडीत शंभर-दीडशे रुग्ण, दोन डॉक्टर, वेळ कुठे आहे? ही अडचण खोटी नाही, म्हणूनच हे काम डॉक्टरवर टाकू नये. डे-केअरमध्ये रुग्ण बाटलीची वाट बघत तास-दोन तास बसलेला असतोच. त्याच्या हातात डबी द्यायची. पट्टी लघवीत बुडवून लगेच बाहेर काढायची, कडेला लागलेले थेंब टिपायचे आणि साठ सेकंद थांबायचं. प्रोटीनचा चौकोन पिवळा राहिला तर ठीक. हिरवट झाला तर पट्ट्यांच्या डबीवर छापलेल्या रंगांशी ताडून एक प्लस, दोन प्लस असं कार्डावर लिहायचं. दोन प्लस किंवा जास्त असेल तर डॉक्टरांना उठवायचं, चोवीस तासांची लघवी किंवा प्रोटीन-क्रिएटिनीन गुणोत्तर मागवायचं, आणि पुढची बाटली लावायची की थांबायचं ते त्या आकड्यावर ठरवायचं.